स्वस्तातली जुनी गाडी खरंच स्वस्त पडते का? एका कंपनीच्या दोन गाड्यांची गोष्ट



रात्री झोपायच्या आधी मोबाइलवर सेकंडहँड गाड्या बघत बसायची सवय तुमच्यापैकी कितीजणांना आहे? दीड लाखात चक्क सेडान! बोट थांबतंच तिथे. पण तो आकडा असतो गाडी घ्यायचा. ती सांभाळायचा आकडा जाहिरातीत कुठेच नसतो. तो कशावर ठरतो, हे कळायला आज जरा मागे जाऊया.

वालचंद हिराचंद हे सोलापूरचे उद्योगपती. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला. आधी तिथे अमेरिकेच्या क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जायच्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि तीच गाडी पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून विकली जाऊ लागली. हो, तीच, मुंबईची काळीपिवळी!

आता गंमत बघा. ही गाडी तीसेक वर्षं जवळपास तशीच बनत राहिली. १०८९ सीसीचं साधं पेट्रोल इंजिन, कार्बुरेटर, हातानं उघडझाप करायच्या काचा. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. ती बिघडायची नाही असं अजिबात नाही हं! घाटात गरम व्हायची, कार्बुरेटरमध्ये कचरा अडकायचा, पावसाळ्यात पत्रा गंजायचा. पण प्रत्येक बिघाडाचं बिल छोटं असायचं. नाक्यावरच्या मिस्त्रीला गाडी तोंडपाठ होती आणि जुना पार्ट चोर बाजारात मिळून जायचा. रस्त्यावर हजारो पद्मिन्या, म्हणून पार्ट ठेवणाऱ्याचा धंदा चालायचा, आणि पार्ट मिळतात म्हणून लोक जुनी पद्मिनी बिनधास्त घ्यायचे.

आता दुसरी गाडी. १९९० च्या दशकात याच प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोबरोबर भागीदारी केली आणि कल्याणजवळच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनू लागली. पद्मिनीपेक्षा कितीतरी आधुनिक आणि आरामशीर गाडी. पण काही वर्षांतच कामगारांचा संप, भागीदारांमधले वाद, आणि प्यूजो भारत सोडून गेली. ज्यांनी गाडी घेतली होती ते अडकले. गाडी चांगली होती, पण रस्त्यावर संख्या कमी. मग पार्ट कोण ठेवणार? मिस्त्री तरी ती कशाला शिकणार? छोटासा पार्ट मिळेना म्हणून अख्खी गाडी दारात उभी, अशी वेळ येते ती इथे.

म्हणजे सांभाळायचा खर्च फक्त गाडीत नसतो, तो गाडीच्या भोवतीच्या माणसांत आणि बाजारात असतो. आणि तो बाजार कायमचा नसतो. पद्मिनीचं उत्पादन थांबल्यावर तिचेही पार्ट हळूहळू आटले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली.

खाजगी गाडीलाही वयाचा हिशोब आहेच. पंधरा वर्षं झाली की फिटनेस तपासणी आणि नोंदणीचं नूतनीकरण. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून थेट ५,००० रुपये झाली. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. म्हणजे तेरा वर्षांची गाडी घेतलीत, तर दोन वर्षांनी येणारं हे बिल आजच किमतीत धरा.

मग घेऊच नये का? घ्या की! पण आधी तुमच्या भागातल्या मिस्त्रीकडे जा आणि विचारा, "दादा, ही गाडी तुमच्याकडे येते का? क्लचप्लेट, सस्पेन्शन, एसीचा कॉम्प्रेसर केवढ्याला पडेल, आणि किती दिवसांत मिळेल?" टायर आणि बॅटरीचं वयही बघून घ्या. येणारी सगळी बेरीज गाडीच्या किमतीत मिळवा. दीड लाखाची गाडी दोन लाखांवर जात असेल, तर तीच तिची खरी किंमत.

आणि "ही गाडी? आमच्याकडे येत नाही बुवा," असं तो म्हणाला, तर मंडळी, गाडी कितीही चकचकीत असू दे, प्यूजो आठवा.

तुमच्या घरी पद्मिनी होती का? बाबांना नाहीतर आजोबांना विचारा, तिच्यावर किती खर्च व्हायचा ते. आणि आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात!