माळव्याची गर्दी आणि मुलखाचे वतनदार

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१८ पर्यंतच्या धामधुमीला माळव्यात ‘गर्दी का वक्त’ म्हणत. शिंदे-होळकरांच्या फौजा आणि पेंढाऱ्यांच्या टोळ्या धार-देवासचा मुलूख पुन्हा पुन्हा तुडवत होत्या. १८०७ साली धारचे आनंदराव पवार वारले. त्यांच्या विधवा मैनाबाईंनी दत्तक मुलाच्या नावे गादी मोठ्या धैर्याने राखली. तरी १८१७ पर्यंत संस्थानाचा वसूल जेमतेम ३५ हजार रुपयांवर आला. देवासची थोरली आणि धाकटी, दोन्ही पाती अशीच खंगली होती.

दरबारचा हुकूम चालेनासा झाल्यावर रयतेची गाठ पडे ती गिरासिये ठाकूर आणि डोंगरातले भिलाला भूमिये यांच्याशी. मराठी अमलात जमिनी गमावलेले हे राजपूत ठाकूर गावोगाव ‘तनखा’ घेत. तनखा पोचला की गाव लुटले जात नसे. ही खंडणीच होती. पण तिला निव्वळ दरोडेखोरी म्हणता येत नाही, कारण तिच्यामागे जुन्या हक्काचा दावा होता आणि ती भरून कित्येक गावे तगली.

ईस्ट इंडिया कंपनीने देवासशी १२ डिसेंबर १८१८ रोजी आणि धारशी १० जानेवारी १८१९ रोजी तह केले. परंतु वाटा दरबारांच्या हातात नव्हत्याच. म्हणून कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याने ठाकूर-भूमियांना उखडले नाही. त्यांचे तनखे ठरवून त्यांना कंपनीची हमी दिली. निमखेड्याच्या भूमियाला तिरला हे गाव धार दरबारात सालीना ५०० रुपये भरण्याच्या अटीवर कायमचे मिळाले. धार ते सुलतानपूर वाटेवर दरोडा पडला, तर जबाब त्यानेच द्यायचा. अट मोडणाऱ्याची गय नव्हती. जामनियाच्या नादिरसिंगाला हद्दपार करून त्याच्या मुलाला जागेवर बसवले गेले. माणूस गेला, घराणे राहिले.

ओस गावे वसली ती मात्र पाटलांच्या नावावर. माल्कमने लिहिले आहे की, परतणाऱ्या लोकांच्या पुढे कित्येकदा पाटलाचा तान्हा वारस कडेवर असे. पळून गेलेल्याचा तो नातू किंवा पणतू. गावात शिरताच जो तो आपल्या पडक्या भिंतीशी, आपल्या शेतात जाऊन उभा राही, आणि त्यावरून तंटा होत नसे. कागदपत्र जळाले तरी कुणाचे काय, हे गावाला ठाऊक होते.

ठाकूर-भूमियांना दिलेल्या हमीची किंमत दरबारांनी मोजली. आपल्याच मुलखातल्या, हमी मिळालेल्या ठाकुराला हात लावण्याची मोकळीक धारला उरली नाही. असे तंटे पुढे भोपावरच्या पोलिटिकल एजंटापुढे जाऊ लागले.