मेथोट्रेक्झेट

मेथोट्रेक्झेट : आमवात (ऱ्हूमॅटॉइड आर्थ्रायटिस), सोरायसिस आणि रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारे इतर दाहक विकार, तसेच काही कर्करोग यांवर दिले जाणारे औषध. जुने नाव ॲमेथॉप्टेरिन. फॉलिक आम्ल या ब गटातील जीवनसत्त्वाशी त्याच्या रेणूचे इतके साम्य आहे, की पेशीतील विकर (एंझाइम) फसते आणि जीवनसत्त्वाच्या जागी यालाच धरून बसते. औषधाचा गुण या फसवणुकीत आहे आणि धोकाही. दाहक विकारांत ते आठवड्यातून एकदाच आणि अल्प मात्रेत घेतात. ‘रोज’ आणि ‘आठवड्यातून एकदा’ यांतील गफलत जितकी महागात पडते, तितकी ती गोळीच्या रूपातील फार थोड्या औषधांबाबत पडत असेल. भारतात ते केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते.

इतिहास : या औषधाचे एक मूळ मुंबईत आहे. ब्रिटिश संशोधक डॉक्टर लूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईस आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी कापड गिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांना होणाऱ्या तीव्र पांडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टचा अर्क असलेले मार्माइट हे स्वस्त खाद्य दिल्यावर या स्त्रियांचे रक्त भरून येते, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अनोळखी घटकाला काही काळ ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत सुमारे चार टन पालकातून हाच पदार्थ वेगळा करण्यात आला. पानासाठी असलेल्या ‘फोलियम’ या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले.

पुढचा टप्पा न्यूयॉर्क राज्यातील लेडर्ले प्रयोगशाळेचा. भीमवरम येथे जन्मलेले, मद्रासमध्ये वैद्यक शिकलेले आणि १९२३ मध्ये बॉस्टनला गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव तेथील संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या गटाने फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार केले आणि त्याची प्रतिरोधी संयुगेही बनवली. बॉस्टनमधील विकृतिवैज्ञानिक सिडनी फार्बर यांना रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांत फॉलिक आम्लासारखी संयुगे दिल्यावर रोग बळावतो असे दिसले होते. तेव्हा उलट दिशेने जाऊन या जीवनसत्त्वाची वाट अडवली तर, असा विचार त्यांनी केला. लेडर्लेकडून आलेले ॲमिनॉप्टेरिन त्यांनी १६ मुलांना दिले. त्यांपैकी १० मुलांत रोग तात्पुरता मागे हटला. जून १९४८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव यांचे निधन झाले. मेथोट्रेक्झेट हे ॲमिनॉप्टेरिनचे त्या मानाने सौम्य भावंड. थोड्याच वर्षांत त्याने थोरल्याची जागा घेतली.

दाहक विकारांतील उपयोगाची चाहूल लवकरच लागली होती. १९५१ मध्ये रिचर्ड गुबनर यांनी ॲमिनॉप्टेरिनमुळे आमवात आणि सोरायसिस यांत उतार पडतो असे नोंदवले. पण तो काळ कॉर्टिसोन या स्टेरॉइडचा होता. अंथरुणाला खिळलेले आमवाताचे रुग्ण काही दिवसांत चालू लागत होते आणि १९५० चे नोबेल पारितोषिकही त्याच संशोधनाला मिळाले होते. सावकाश काम करणाऱ्या, कर्करोगासाठीच्या ‘विषा’कडे सांध्यांचे डॉक्टर वळले ते कॉर्टिसोनचे दुष्परिणाम पुरते कळल्यावर. १९८० च्या दशकातील नियंत्रित चाचण्यांनंतर १९८८ मध्ये अमेरिकेत आमवातासाठी त्याला मान्यता मिळाली. आज आमवाताच्या उपचाराची सुरुवात बहुधा याच औषधाने होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे.

कार्य : पेशीला विभाजनासाठी नवे डीएनए तयार करावे लागते आणि त्यासाठी फॉलिक आम्लाचे सक्रिय रूप लागते. ते रूप तयार करणारे डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे विकर मेथोट्रेक्झेट बंद पाडते. मोठ्या मात्रेत यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या कर्कपेशी उपाशी मरतात. अल्प मात्रेतील परिणामाचे गणित वेगळे आहे. येथे औषध पेशीत शिरून साखळीच्या रूपात साठते, दुसऱ्या एका विकराला अडथळा करते आणि त्यामुळे ॲडिनोसीन हा दाह शमवणारा पदार्थ पेशीबाहेर झिरपू लागतो. रक्तातील औषध एक-दोन दिवसांत मूत्रावाटे निघून जाते, पेशीत साठलेले मात्र बराच काळ टिकते. म्हणूनच आठवड्याची एक मात्रा पुरते. मधले दिवस तोंडातील अस्तर, आतडी आणि अस्थिमज्जा यांना सावरायला मिळतात. रोज गोळी घेतल्यास हेच दिवस हिरावले जातात.

उपयोग : आमवातात हाताच्या बोटांचे आणि मनगटाचे सांधे सुजतात, सकाळी तासभर तरी आखडलेले असतात आणि उपचार न झाल्यास वाकडे होतात. पुणे जिल्ह्यातील भिगवण परिसरात १९९६ पासून झालेल्या घरोघरच्या पाहणीत सुमारे अर्धा टक्का प्रौढांना हा विकार असल्याचे आढळले. मेथोट्रेक्झेट वेदनाशामक नव्हे. ते रोगाची चाल मंदावते, आणि त्याचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. ‘महिना झाला, काही फरक नाही’ म्हणून औषध सोडणारे रुग्ण नेमक्या याच टप्प्यावर सोडतात. तोपर्यंतचे दिवस निभावून नेण्यासाठी डॉक्टर अनेकदा थोड्या काळापुरते स्टेरॉइड देतात. एकट्या मेथोट्रेक्झेटने भागले नाही, तर त्याच्या जोडीला इतर औषधे किंवा जैविक इंजेक्शने दिली जातात.

अंगभर पसरलेला सोरायसिस, त्यासोबतचा सांधेविकार आणि लहान मुलांचा दीर्घकालीन संधिदाह हे इतर प्रमुख उपयोग. डोळ्यांतील दाह, रक्तवाहिन्यांचा दाह, स्नायूंचा दाह आणि क्रोन विकार यांतही त्याचा वापर होतो. दाहाशी संबंध नसलेला एक उपयोग म्हणजे गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत, रुजलेला गर्भ. तो लवकर लक्षात आल्यास मेथोट्रेक्झेटच्या इंजेक्शनाने शस्त्रक्रिया टळू शकते. हाडांच्या एका कर्करोगात मात्र शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला १२ ग्रॅमपर्यंत औषध शिरेतून देतात. आमवाताच्या साप्ताहिक मात्रेच्या तुलनेत हे प्रमाण हजार पटींच्या घरात जाते. असा उपचार रुग्णालयात, रक्तातील पातळी मोजत आणि उतारा हाताशी ठेवूनच केला जातो.

मात्रा आणि घेण्याची पद्धत : आमवातात सुरुवात साधारणपणे आठवड्याला ७.५ ते १५ मिलिग्रॅमने होते. गरजेप्रमाणे मात्रा २० ते २५ मिलिग्रॅमपर्यंत वाढवतात. १५ मिलिग्रॅमच्या पुढे तोंडावाटे घेतलेले औषध पुरेसे शोषले जात नाही, म्हणून अशा वेळी त्वचेखाली घ्यायचे इंजेक्शन अधिक उपयोगी पडते. सोबत फॉलिक आम्ल देतात, बहुधा आठवड्याला किमान ५ मिलिग्रॅम आणि मेथोट्रेक्झेटचा वार सोडून. त्यामुळे मळमळ, तोंड येणे आणि यकृतावरील ताण कमी होतो, औषधाचा गुण मात्र टिकतो. गिरणी कामगार स्त्रियांना ज्या घटकाने बरे केले, तोच येथे त्याच्या प्रतिरोध्याबरोबर एका चिठ्ठीवर येतो.

घोटाळ्याची पहिली जागा नेमकी येथेच आहे. दोन्ही पदार्थ मुळात पिवळे, त्यामुळे दोन्हींच्या गोळ्या अनेकदा लहान आणि फिकट पिवळ्या असतात. काही व्यापारी नावांची सुरुवातही ‘फॉल’ किंवा ‘फॉलि’ अशी एकसारखी होते. एक गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची, तर दुसरी अनेकांना उरलेल्या दिवशी रोज घ्यायला सांगितलेली. दोन्ही पाकिटे एकाच डब्यात पडली आणि डोळ्यांना नीट दिसत नसले, की अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. दुसरी जागा चिठ्ठीवरची. ‘१-०-०’ या खुणेचा अर्थ आपल्याकडे ‘रोज सकाळी एक’ असाच लावला जातो. तिसरी जागा गोळीच्या ताकदीची. २.५, ७.५ आणि १० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, तेव्हा ‘चार गोळ्या’ या शब्दांचा अर्थ १० मिलिग्रॅमही होतो आणि ४० मिलिग्रॅमही.

यावरचे उपाय साधे आहेत. चिठ्ठीवर वाराचे नाव पूर्ण अक्षरांत लिहावे आणि मात्रा गोळ्यांबरोबर मिलिग्रॅममध्येही लिहावी. घरात एकाच ताकदीच्या गोळ्या ठेवाव्यात. उपवासाचा वार पाळतात तसा गोळीचा वार ठरवावा आणि घेतल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी. ठरलेला वार चुकल्यास दोन दिवसांच्या आत मात्रा घेता येते. त्याहून उशीर झाल्यास ती सोडून पुढच्या वाराची वाट पाहावी, दुप्पट मात्रा कधीही घेऊ नये. अशा चुकांनी मृत्यू ओढवल्याची नोंद अनेक देशांत असल्यामुळे युरोपच्या औषध नियंत्रण संस्थेने २०१९ मध्ये वेष्टनावर ठळक इशारा आणि रुग्णाजवळ ठेवायचे कार्ड यांची शिफारस केली.

दुष्परिणाम : गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळ, थकवा, डोके जड होणे या तक्रारी नेहमीच्या आहेत. केस थोडे विरळ होऊ शकतात. कर्करोगाच्या उपचारात गळतात तसे ते सहसा गळत नाहीत. तोंड येणे या लक्षणाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. आपल्याकडे ते ‘उष्णते’च्या माथी मारले जाते आणि सब्जा, गुलकंद यांवर दिवस काढले जातात. मेथोट्रेक्झेट घेणाऱ्याच्या तोंडातील फोड मात्र अस्थिमज्जा दबल्याची पहिली खूण असू शकतात. सोबत ताप, घसा दुखणे, अंगावर निळसर डाग किंवा हिरड्यांतून रक्त असेल तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावे लागते.

यकृतातील विकरांची पातळी वाढणे हा वारंवार आढळणारा परिणाम. मद्यपान, लठ्ठपणा, मधुमेह किंवा जुनी कावीळ असल्यास यकृताला कायमचे व्रण पडण्याचा धोका वाढतो. फुप्फुसांचा दाह क्वचित होतो, पण गंभीर असतो. कोरडा खोकला, धाप आणि ताप ही त्याची लक्षणे. जंतुसंसर्गाचा धोका काहीसा वाढतो, नागिणीचाही. या औषधाने हृदयविकार टळतो का हे पाहण्यासाठी ४,७८६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत हृदयाला काही लाभ दिसला नाही. मात्र औषध घेणाऱ्यांत यकृतविकरांची वाढ, पांढऱ्या पेशींची घट आणि त्वचेचे काही कर्करोग तुलनेने अधिक आढळले.

इतर औषधे आणि मूत्रपिंड : हे औषध मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे मंदावली, की नेहमीची मात्राही जास्त ठरते. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झालेल्या वृद्धाने त्या आठवड्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ट्रायमेथोप्रिम आणि ते असलेले कोट्रायमॉक्सॅझोल यांच्याशी संयोग सर्वांत घातक आहे, कारण तेही फॉलिक आम्लाचीच वाट अडवतात. लघवीच्या जळजळीसाठी दिलेल्या या प्रतिजैविकाने आमवाताच्या रुग्णाची अस्थिमज्जा ठप्प होऊ शकते. सूज उतरवणारी वेदनाशामके डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालतात, मनाने घेतलेली नव्हेत.

गर्भधारणा : मेथोट्रेक्झेटमुळे गर्भपात होतो किंवा बाळात गंभीर व्यंगे निर्माण होतात. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात ते पूर्णपणे वर्ज्य आहे. मूल हवे असल्यास स्त्रीने औषध किती आधी बंद करावे याबाबत मार्गदर्शने एक ते सहा महिने अशी वेगवेगळी मुदत देतात. ती डॉक्टरांबरोबर ठरवावी, आणि तोपर्यंत खात्रीचे गर्भनिरोधन आवश्यक असते. आमवात तरुण स्त्रियांनाही होतो, त्यामुळे लग्न ठरताना लपवलेले औषध पुढे अवघड प्रसंग आणते.

तपासण्या : सुरुवातीपूर्वी रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड, ब आणि क प्रकारची कावीळ तसेच छातीचा एक्स-रे या तपासण्या होतात. भारतात क्षयरोगाकडेही लक्ष द्यावे लागते. पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी रक्त तपासतात. बरे वाटू लागले, की या तपासण्या सुटतात आणि जुनीच चिठ्ठी दाखवून गोळ्या आणल्या जातात. सजीव लशी या काळात सहसा टाळतात. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी मात्र घ्याव्यात.

अतिमात्रा : चुकून रोज गोळ्या घेतल्या गेल्यास काही दिवसांतच तोंड सोलवटते, त्वचेवर व्रण पडतात आणि रक्तातील तिन्ही प्रकारच्या पेशी घटतात. सोरायसिसच्या चट्ट्यांवर अचानक जखमा होणे हीदेखील विषबाधेची खूण आहे. अशा वेळी घरातील फॉलिक आम्लाच्या जास्त गोळ्या घेऊन भागत नाही, कारण त्या आम्लाला सक्रिय करणारे विकरच बंद पडलेले असते. रुग्णालयात फॉलिनिक आम्ल (ल्युकोव्होरिन) देतात. ते आधीच पुढच्या रूपात असल्याने बंद विकराला वळसा घालून पेशीपर्यंत पोहोचते. सोबत शिरेतून भरपूर द्रव आणि लघवी अल्कधर्मी ठेवण्याचे उपाय करतात. ग्लुकार्पिडेज हे विकररूपी औषध रक्तातील मेथोट्रेक्झेट तोडते. अमेरिकेत त्याला २०१२ मध्ये मान्यता मिळाली, पण ते मोठ्या मात्रेच्या कर्करोग उपचारात मूत्रपिंडे बिघडल्यास वापरायचे आहे. उतारा जितका लवकर मिळेल तितका तो लागू पडतो. म्हणून चूक लक्षात येताच, त्रास सुरू झालेला नसला तरी, गोळ्यांचे पाकीट सोबत घेऊन रुग्णालय गाठावे.