मूठभर वर्गणी, दहा वर्षांचे वचन



गेल्या पावसाळ्यात उज्जैनच्या आमच्या धर्मग्रामात मुलांच्या धर्मशिक्षणाच्या खोलीचे छत गळू लागले. मुले बादल्या मांडून बसत आणि मधूनमधून कोणीतरी बादली ओतायला उठे. शेवटी सभा भरली, वर्गणी काढायचे ठरले, आणि पहिल्याच रविवारी आमच्याकडून एक चूक झाली. मिस्सा संपल्यावर आम्ही देणाऱ्यांची नावे रकमेसह वाचून दाखवली. पाच हजार, दोन हजार, एक हजार. प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या. पुढच्या दोन रविवारी मागच्या बाकांवरच्या काही बायका दिसल्याच नाहीत. त्यांतल्या एक चार घरी पोळ्या लाटतात. त्या शेजारणीला म्हणाल्या, "माझे वीस रुपये कुठं वाचून दाखवायचे?"

हे कानावर आले तेव्हा आम्हाला मंदिराच्या दानपेटीसमोर बसलेला येशू आठवला. श्रीमंत पुष्कळ टाकत होते, पण त्याची नजर दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेवर गेली. आमची नजर मात्र यादीवर होती. मग वर्गणी मागायची कशी? आपल्या आधीच्या लोकांनी ती कशी मागितली, हे आम्ही शोधू लागलो.

ख्रिस्तसभेतली पहिली मोठी वर्गणी संत पौलाने काढली, इसवी सनाच्या सहाव्या दशकात. यरुशलेममधले विश्वासणारे गरिबीत होते, आणि पौलाने त्यांच्यासाठी गलतिया, मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांकडे मदत मागितली. करिंथकरांना त्याने सांगितलेली रीत अगदी साधी आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, म्हणजे तो आल्यावर धावपळ नको. पौलाने रक्कम ठरवून दिली नाही, दिवस ठरवून दिला. मासेदोनियाचे लोक स्वतःच हलाखीत आणि छळात होते, तरी आम्हालाही देऊ द्या म्हणून त्यांनी विनवणी केली. पैसे पोहोचवताना कोणी संशय घेऊ नये म्हणून पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली.

या वर्गणीत पैशाहून मोठे काही पणाला लागले होते. देणारे बहुतेक परराष्ट्रीय होते आणि घेणारे यहूदी. यरुशलेमचे लोक ही भेट स्वीकारतील का, याची पौलाला काळजी होती, म्हणून त्याने रोमकरांना प्रार्थना करायला सांगितले. धोका ठाऊक असूनही तो स्वतः गेला, आणि यरुशलेममध्येच त्याला अटक झाली. दोन तुटक गट एका घरचे व्हावेत म्हणून त्याने ही किंमत मोजली.

दुसरे उदाहरण आपल्या पंडिता रमाबाईंचे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन फिलाडेल्फियाला गेल्या. मनात एकच गोष्ट होती: बालविधवांना निवारा आणि शिक्षण देणारे घर. जवळ पैसा नव्हता. १८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, आणि त्याच्या विक्रीतून कामाला हातभार लागला. गावोगावी व्याख्याने देत त्या थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पोहोचल्या.

डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल युनिटेरियन होते. उपाध्यक्षांत एपिस्कोपल पंथाचे फिलिप्स ब्रुक्स होते आणि मेथडिस्ट फ्रान्सिस विलार्डही होत्या. एरवी एका वेदीसमोर न येणारी ही माणसे इथे एका कामासाठी एकत्र आली. ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' नावाची लहान मंडळे निघाली. सभासदाने वचन द्यायचे ते असे: दरवर्षी निदान एक डॉलर, दहा वर्षे. पाहिले नाही अशा देशातल्या, नावही ठाऊक नसलेल्या मुलींसाठी दहा वर्षे!

त्या वचनावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तिथे शिकलेल्या पहिल्या विधवांपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदन १८९० मध्ये पुण्याला गेले. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती केले जाते अशा आरोपांवरून वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. असोसिएशनने मात्र हात काढून घेतला नाही. एका मोठ्या दात्याचे मन फिरले असते तर घर एका दिवसात कोसळले असते. पुष्कळ लहान वचनांवर उभे असलेले ते घर टिकले, असे आम्हाला वाटते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया आणल्या. त्यांना केडगावला आसरा मिळाला, आणि त्यातूनच मुक्ती मिशन उभे राहिले. दहा वर्षांची मुदत संपली तेव्हा, १८९८ मध्ये, त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि देणाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. जुनी असोसिएशन विसर्जित झाली, नवी निघाली. मग १९०० चा दुष्काळ आला. आमच्या माळव्यातही तो छप्पनिया म्हणून आठवला जातो, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ होते. त्या वर्षी मुक्तीच्या छपराखाली आणखी शेकडो जीव आले.

ही गोष्ट आम्ही एका रविवारी सांगितली तेव्हा आमच्यातल्या केरळच्या एक आजी बोलल्या. उज्जैनचे धर्मक्षेत्र १९६८ मध्ये सिरो-मलबार ख्रिस्तसभेकडे आले, त्यामुळे इथे मराठी, हिंदी आणि मल्याळी घरे शेजारी बसून प्रार्थना करतात. आजी म्हणाल्या, "आमच्याकडे आई भात शिजत घालण्याआधी एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायची." त्याला पिडियरी म्हणतात. शाळेतल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी संत कुरियाकोस चावरा यांनी ही रीत रुजवली. मिझोरमच्या ख्रिस्ती घरांतही गेली शंभर वर्षे आणि अधिक अशीच तांदळाची मूठ बाजूला ठेवतात. ती मूठ कोणी मोजत नाही, आणि घरात चूल पेटते तोवर ती चुकतही नाही.

मग आम्ही यादी बंद केली. प्रत्येक घरी एक झाकणाचा डबा दिला. रविवारी डबे एका मोठ्या पेटीत रिकामे होतात, कोणाचा कोणता ते कळत नाही. नाव लिहायचे नाही, पण हिशोब लपवायचा नाही, हे पौलाकडून शिकलो. महिन्याला एकूण जमा आणि खर्च फळ्यावर लागतो, आणि मोजायला दर वेळी वेगळी तीन माणसे बसतात. त्यांतला एक मागच्या बाकांवरचा असतोच.

पत्रे आले आहेत, मजुरीचे पैसे अजून जमायचे आहेत. यादीने कदाचित हे काम लवकर झाले असते. पण पोळ्या लाटणाऱ्या त्या बाई परत आल्या, डबा घेऊन गेल्या, आणि मोजणीलाही बसल्या. त्यांच्या डब्यात किती असते ते आम्हाला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक असायला हवे, तो दानपेटीसमोर बसलेला आहेच.

२०२८ मध्ये आमच्या गावात पुन्हा सिंहस्थ भरेल. क्षिप्रेच्या काठी हजारो पंगती उठतील, आणि वाढणाऱ्याचे नाव जेवणारा विचारणार नाही. आपल्या शेजाऱ्यांकडूनही आपण हे शिकू शकतो.

प्रभू येशू, आमच्या मोठ्या रकमांना नम्रता दे आणि लहान मुठींना धीर दे. जे वचन देऊ ते पाळण्याची चिकाटी दे. आमेन.