पट्टा गेला, साखळी आली

पावसाळ्यात अलिबाग–मुरूड रस्त्यावर मोटारसायकलचे चाक फिरवणारी साखळी आरंभापासूनची नव्हे. सुरुवातीच्या बहुतेक गाड्यांत पट्टा असे. तो भिजला की पुलीवर घसरे आणि चढावर इंजिनाची शक्ती चाकापर्यंत पोहोचत नसे.

१९११ साली आइल ऑफ मॅनच्या डोंगरी मार्गावरील सीनियर टीटी शर्यतीत साखळीवर चालणाऱ्या अमेरिकन 'इंडियन' गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. तरीही पट्टा टिकला, कारण तो झटके सोशी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याचे निरोपे ट्रायम्फच्या 'मॉडेल एच'वर पट्ट्यानिशीच धावले.

१९२० मध्ये ट्रायम्फने 'एसडी' मॉडेलात साखळी आणली आणि झटके सोसण्यासाठी सोबत स्प्रिंगही बसवली. पट्ट्याचा गुण आत्मसात करूनच साखळीने त्याची जागा घेतली. खाऱ्या वाऱ्यात तिला तेल मात्र आजही द्यावेच लागते.