तोरणामागचे हात

दसऱ्याचे तोरण पुराणकाळापासून जसेच्या तसे चालत आले आहे, अशी आपल्यापैकी बहुतेकींची समजूत असते. आंब्याच्या पानांपुरती ती खरी आहे. पण त्या पानांमधला झेंडू मात्र पाहुणा! त्याचे माहेर मेक्सिकोकडचे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात वा त्यानंतर तो इकडे आणला असे मानतात. म्हणजे ज्ञानदेवांच्या काळी कोणाच्याही दाराला झेंडूचे तोरण नव्हते. मेक्सिकोतील त्याच्या जुन्या नावाचा अर्थ ‘वीस फुले’ असा होतो, आणि १ व २ नोव्हेंबरला तेथील लोक आपल्या पितरांसाठी याच फुलांची आरास करतात. असे हे परदेशी फूल आपण थेट देवघरात नेले, याची मला मोठी मौज वाटते.

पूर्वी गावात देवाची फुले-पत्री पुरविण्याचे काम गुरव व माळी यांच्याकडे असे. गुरव बलुतेदारांत मोडे, माळी बहुधा अलुतेदारांत. दोघांचाही वाटा सुगीला धान्याच्या रूपाने मिळे. वाटा थोडा असेल, पण ठरलेला होता. घरची तोरणे घरच्याच बायका ओवीत.

मुंबईत परसदारही सुटले आणि ओवणेही सुटले. १८६४ साली पश्चिम किनाऱ्याची आगगाडी मुंबईत आली, १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत धावू लागली, आणि वसईच्या वाड्यांतला मोगरा व सोनचाफा सकाळीच शहरात उतरविणे सोपे झाले. आज दादरच्या फूलबाजारात झेंडू येतो तो पुणे, सातारा, नाशिककडून, ट्रक भरभरून.

परंतु मला लिहावयाचे आहे ते ओवणाऱ्या बायकांविषयी. नवरात्राच्या अखेरीस ठाणे व पालघर जिल्ह्यांतल्या आदिवासी बायका आंब्याचे टहाळे, आपट्याच्या फांद्या आणि भाताच्या लोंब्या यांचे भारे घेऊन दादरला उतरतात. गावी भात कापणीला येत असते. ते सोडून यायचे. पदपथावरच बसायचे, तेथेच ओवायचे, तेथेच डुलकी काढायची. झेंडू बाजारातून रोख घ्यावा लागतो. काम दिसते सोपे, पण सुई फुलाच्या मधोमध गेली नाही तर फूल फाटते, आणि दोरा जास्त ओढला तर पान चिरते. पाने सुकू नयेत म्हणून गोणपाट पुन्हापुन्हा भिजवावे लागते. त्यासाठी पाणी कोठून आणावे, हा प्रश्न निराळाच.

या धंद्याची मुदत दसऱ्याच्या दुपारपर्यंत. सकाळी ज्या तोरणासाठी आपण घासाघीस करतो, त्याला दोन वाजता कोणी विचारीत नाही. उरलेला माल परत कोणी घेत नाही, उद्यासाठी ठेवताही येत नाही. कोणत्या बाईने किती ओवले, किती टाकून दिले, याची वही कोणी ठेवीत नाही. फुलांचे भाव मात्र दरवर्षी वर्तमानपत्रात छापून येतात. अलीकडे प्लॅस्टिकची तोरणे निघाली आहेत. ती धुऊन पुढल्या वर्षी पुन्हा लावता येतात, हे खरे. आणि म्हणूनच पुढल्या वर्षी त्या घरचे गिऱ्हाईक जाते.

संध्याकाळच्या गाडीला त्या परततात. ओल्या गोणपाटांची घडी उशाला घेऊन फलाटावर पडलेल्या मी त्यांना कितीदा पाहिले आहे. बोटांवरचा झेंडूचा पिवळा रंग तसाच असतो.