बाष्पयंत्राचा काटा शीतयंत्राच्या घरी

वातानुकूलन यंत्राच्या दुरुस्तीस येणारा कारागीर निळ्या, तांबड्या आणि पिवळ्या पाइपांचा जो दुहेरी गेज यंत्रास जोडतो, त्याच्या तबकड्यांकडे पाहताना त्याला दाबाची चिंता फारशी नसते. त्याला हवे असते तापमान. बंदिस्त नळीत द्रव आणि त्याची वाफ एकत्र नांदत असली म्हणजे दोहोंचा दाब केवळ तापमानावर ठरतो, आणि म्हणून काट्याचा आकडा कोष्टकाशी ताडून पाहिला की आत किती अंशांवर उत्कलन चालू आहे हे, नळीला धक्का न लावता, समजते. दाबमापकाकडून तापमापकाची चाकरी करवून घेण्याची ही वहिवाट या व्यवसायात इतकी रुळली आहे, की हे उपकरण मुळात निराळ्याच दरबारी, निराळ्याच कामावर रुजू झाले होते याचे स्मरण सहसा कोणास राहत नाही. आणि गेजची निवड व तपासणी करताना जे प्रमाद घडतात, त्यांतील पुष्कळसे या विस्मरणाचेच अपत्य होत, असे माझे मत आहे.

तो पहिला दरबार वाफेचा. १६४३ च्या सुमारास फ्लॉरेन्स येथे टॉरिचेलीने पाऱ्याच्या स्तंभाने हवेचा दाब तोलून दाखविला, तेव्हापासून पुढील दोन शतके दाबाची मोजणी म्हणजे पाऱ्याच्या उंचीची मोजणी, असाच परिपाठ होता. वातावरणाच्या एका पटीस ७६० मिलिमीटर पारा लागतो. सात पटींचा दाब मोजावयाचा तर स्तंभाची उंची पाच मीटरांच्या वर जाते. कारखान्याच्या भिंतीला अशी काचेची नळी उभी करणे एक वेळ शक्य होते. परंतु हादरत, धडधडत धावणाऱ्या रेल्वे-इंजिनावर ती नेणार कशी? इंजिने मात्र दिवसेंदिवस अधिक दाबाची होत चालली होती, बॉयलर फुटून माणसे मरत होती, आणि आत किती जोर साठला आहे हे सांगणारे दणकट, आटोपशीर उपकरण कोणाजवळही नव्हते.

पॅरिसचा यूजीन बूर्दों (जन्म १८०८) हा घड्याळाच्या कारागिरीत मुरलेला यंत्रज्ञ. एका यंत्राकरिता नळीचे सर्पिल वेटोळे वळवीत असता ती नळी चेपली गेली. तिला पूर्ववत गोल करावी म्हणून तिचे एक तोंड बंद करून दुसऱ्या तोंडाने पंपाने पाण्याचा दाब देण्यात आला. तेव्हा नळी गोल होऊ लागली खरी, पण त्याबरोबर तिचे वेटोळेही उलगडू लागले. चेपलेले काही दुरुस्त करताना ते वाकडे झाले तर सामान्य कारागीर कपाळाला हात लावील. बूर्दोंने त्या उलगडण्याचे कारण शोधले. चपट्या छेदाची नळी आतील दाबाने फुगू पाहते, म्हणजे तिची बाहेरची आणि आतली भिंत एकमेकींपासून दूर सरू पाहतात. भिंतींची लांबी तर जवळजवळ तेवढीच राहते. तेव्हा वक्रता कमी केल्यावाचून नळीला गत्यंतरच उरत नाही. दाब जितका अधिक तितकी ती अधिक सरळ होते, आणि दाब ओसरला की धातूच्या स्थितिस्थापकतेने मूळ बाकावर परत येते. तिच्या बंद टोकाची ही हालचाल काही मिलिमीटरांचीच असते. तिला दुवा, दातेरी पंखा आणि लहानसे चक्र जोडून काटा तबकडीभर फिरविणे, आणि दात्यांमधील ढिलाई केसासारख्या बारीक कमानीने काढून टाकणे, हे घड्याळाच्याच विद्येतले काम.

१८४९ मध्ये त्याला फ्रेंच सरकारची सनद मिळाली, आणि १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात त्याच्या मापकाचा गौरव झाला. परंतु नव्या कुळाच्या वाट्यास कज्जा येणार नाही तर तो वंश कसला! हवा काढून घेतलेल्या धातूच्या डबीवर चालणारा वायुभारमापक आधीच सिद्ध करणाऱ्या लुसियाँ विदीने आपला हक्क डावलल्याची फिर्याद लावली. ती वर्षानुवर्षे चालली, आरंभी विदी हरला, पण अखेरीचा निकाल त्याच्या बाजूने लागला. याच सुमारास जर्मनीत मॅग्डेबर्ग येथे शेफरने पातळ पडद्याचा दाबमापक काढला. हवेच्या दाबाची प्रचीती जगाला अर्धगोलांनी दाखविणारा ग्वेरिके याच नगराचा नगराध्यक्ष होता, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो. बूर्दोंच्या मापकाचे अमेरिकेतील हक्क अॅशक्रॉफ्टने विकत घेतले, आणि अल्पावधीत बूर्दोंची नळी बॉयलरमागून बॉयलरवर जाऊन बसली.

बॉयलरवरील काट्याला प्रश्न एकच विचारला जात असे : धोक्याची मर्यादा अजून दूर आहे ना? त्या प्रश्नाच्या उत्तरात पाचदहा पौंडांची तफावत खपून जाई, आणि मापकाचा पल्ला गरजेहून मोठा असणे ही खबरदारीच मानली जाई.

शीतयंत्राची परंपरा स्वतंत्रपणे वाढत होती. जेकब पर्किन्सने लंडनमध्ये १८३४ साली बाष्पसंपीडनाच्या पद्धतीची सनद घेतली, आणि १८७० नंतरच्या दशकात कार्ल लिंडेने अमोनियावर चालणारी यंत्रे यशस्वी केली. अमोनिया तांब्याला आणि पितळेला खातो. म्हणून बूर्दोंच्या नळीला या घरी येताना पोलादाची कात पांघरावी लागली, आणि तबकडीवर दाबाच्या आकड्यांशेजारी अमोनियाचे अंश छापले जाऊ लागले. कोकणच्या बंदरांवर मासळीसाठी बर्फ करणाऱ्या कारखान्यांत अमोनिया आजही राबतो, आणि तेथे पितळी नळीचा गेज लावणे म्हणजे गळतीस आमंत्रण होय. पुढे १९३० च्या सुमारास फ्रिऑन नावाचे शीतकारी वायू आले, त्यांच्या मागून आर-२२, आर-१३४ए, आर-४१०ए आले, आणि प्रत्येकाबरोबर तबकडीवरचे वर्तुळ बदलले.

आता निवडीचा प्रश्न. पाच अंश सेल्सियसला आर-२२ चा दाब सुमारे ७० पीएसआय (दर चौरस इंचास पौंड) असतो, तर आर-४१०ए चा सुमारे १२०. पंचेचाळीस अंशांवर हेच आकडे अनुक्रमे सुमारे २३५ आणि ३८० होतात. विदर्भातील वैशाखात बाहेरची हवाच पंचेचाळीसला टेकली, आणि कंडेन्सर तिच्याहून पंधरा अंश वर गेला, तर आर-४१०ए चा दाब ५०० पीएसआय ओलांडतो, म्हणजे उच्च दाबाच्या बाजूचा जुना तांबडा गेज आपल्या तबकडीच्या शेवटच्या आकड्यापुढे जातो आणि नळी कायमची ताणली जाते. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात, की सर्वांत मोठ्या पल्ल्याचा एकच गेज घ्यावा, म्हणजे सर्व कामे भागतील. येथे बॉयलरचे संस्कार डोके वर काढतात. गेजची चूक त्याच्या पूर्ण पल्ल्याच्या टक्क्यांत मुकरर केलेली असते, १.६ टक्क्यांच्या वर्गातील ५०० पीएसआयचा गेज कोठेही आठ पीएसआयने चुकण्यास मुखत्यार आहे. शून्य अंशाजवळ आर-१३४ए चा दाब अठ्ठावीसच्या आसपास असतो आणि दर अंशास दीड पीएसआयनेच बदलतो. तेव्हा ती आठची चूक पाच अंशांहून मोठी ठरते. १२० पीएसआयच्या गेजवर त्याच वर्गाची चूक दोनच्या आत, म्हणजे सव्वा अंशाच्या घरात राहते. तापमान विचारावयाचे असेल तर नित्याचे वाचन तबकडीच्या मधल्या तिहाईत पडेल असाच पल्ला घेतला पाहिजे.

तपासणीबाबत हयगय अधिक आहे. गेज हवेला मोकळा ठेवून काटा शून्यावर नसेल तर स्क्रू फिरवून तो शून्यावर आणतात आणि काम झाले असे समजतात. परंतु नळी ताणली गेली असता शून्य हलविणे म्हणजे खतावणीतला आरंभीचा आकडा खोडून शिल्लक जुळविण्यासारखेच आहे, कारण वरच्या आकड्यांतील तफावत तशीच राहते. प्रयोगशाळेत ज्ञात क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर ज्ञात वजने ठेवून दाब निर्माण करतात, घर्षण मोडावे म्हणून दट्ट्या फिरता ठेवतात, आणि काटा चढताना व उतरताना अशी दोन्ही वाचने घेतात. प्रत्येक दुकानाला ही सोय नसते. तेथे शीतकारी गॅसचा सिलिंडरच प्रमाण होऊ शकतो : आत द्रव शिल्लक असलेला शुद्ध आर-२२ किंवा आर-१३४ए चा सिलिंडर सावलीच्या खोलीत रात्रभर ठेवावा, त्याच्या अंगास चांगला तापमापक लावावा, आणि तीस अंश भरले असता गेज पहिल्याचा सुमारे १५८ व दुसऱ्याचा सुमारे ९७ पीएसआय दाखवितो की नाही हे पाहावे. आर-४०७सी सारखे मिश्रण या साक्षीस नालायक. त्याचे घटक निरनिराळ्या अंशांवर उकळतात, आणि दाबाला एकच तापमान उरत नाही.

या साक्षीलाही एक अट आहे, आणि ती आपल्या घाटमाथ्यांवर विशेष लागू पडते. बूर्दोंची नळी आतील दाब आणि भोवतालची हवा यांच्यातील अंतर दाखविते. कोष्टके मात्र समुद्रसपाटीच्या हवेस धरून छापलेली असतात. मुंबईस ही हवा १४.७ पीएसआयची, पुण्यास तीहून सुमारे एकाने कमी, आणि सुमारे १३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरास साडेबाराच्या आसपास. म्हणून महाबळेश्वरी तोच सिलिंडर त्याच तापमानास कोष्टकातील आकड्याच्या दोन पीएसआयहून थोडे अधिकच वर दाखवील; त्या वेळी स्क्रूला हात लावणारा मनुष्य निर्दोष गेज बिघडवून ठेवील.

हीच गोष्ट निर्वाताच्या बाजूला अधिक डोळ्यांत भरते. कमी दाबाच्या बाजूच्या निळ्या गेजवर शून्याच्या खाली तीस इंच पाऱ्यापर्यंत खुणा असतात, आणि आर-६००ए वर चालणाऱ्या घरगुती फ्रिजमध्ये काटा कामाच्या वेळीही याच भागात वावरतो. उणे पंचवीस अंशांस बारातेरा इंचांवर. पंप लावून व्हॅक्यूम करताना काटा तीसवर टेकण्याची वाट पाहणारा कारागीर पुण्यास अठ्ठावीसवर आणि महाबळेश्वरास साडेपंचवीसच्या अलीकडे कायमचा अडकून राहील, आणि पंपास दोष देईल. शिवाय नळीतील ओलावा निघून जाण्यास जे ५०० मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटर पाऱ्याचा हजारावा भाग) निर्वात लागते, ते पाऱ्याच्या इंचाचा केवळ पन्नासावा भाग आहे. बूर्दोंच्या काट्याची जाडीच त्याहून अधिक जागा व्यापते. त्या मोजणीसाठी मायक्रॉन-गेज निराळाच जोडावा लागतो, आणि तो पंपाच्या तोंडाशी न लावता यंत्राच्या दूरच्या टोकास लावावा लागतो, कारण पंपाजवळचे निर्वात नेहमीच अधिक सखोल दिसते.