‘व्हिडिओ’ : शब्दाचा अर्थ आणि प्रवास

‘व्हिडिओ’ हा शब्द आज मराठीत सर्रास वापरला जातो. मूळ लॅटिन भाषेत तो नाम नसून क्रियापद आहे. ‘विदेरे’ म्हणजे पाहणे. त्याचे प्रथमपुरुषी एकवचनी वर्तमानकाळी रूप ‘विदेओ’, म्हणजे ‘मी पाहतो’. ‘ऑडिओ’ या शब्दाचा मूळ अर्थही तसाच ‘मी ऐकतो’ असा आहे. 1930च्या दशकात दूरचित्रवाणीचे प्रयोग सुरू असताना प्रसारणातील ध्वनीच्या भागाला ‘ऑडिओ’ म्हटले जात होते. त्याच धर्तीवर चित्राच्या भागासाठी इंग्रजीत ‘व्हिडिओ’ हा शब्द रूढ झाला. म्हणजेच आरंभी त्याचा अर्थ मुद्रण असा नव्हता, तर केवळ प्रसारित होणारे दृश्य असा होता.

फीत आली, अर्थ बदलला

चित्रपटाच्या फिल्मवर प्रकाशाची रासायनिक क्रिया होऊन एकेक चित्र उमटते. व्हिडिओमध्ये मात्र प्रकाशाचे रूपांतर विद्युत संकेतात होते. हे संकेत चुंबकीय फितीवर साठवणारे व्यवहारोपयोगी यंत्र अमेरिकेतील ‘अँपेक्स’ कंपनीने एप्रिल 1956 मध्ये शिकागो येथे सादर केले. त्याची फीत दोन इंच रुंद होती. त्याच वर्षी 30 नोव्हेंबर रोजी ‘सीबीएस’ वाहिनीने या यंत्राच्या साहाय्याने मुद्रित केलेले बातमीपत्र प्रसारित केले. त्यानंतर 1975 मध्ये ‘बीटामॅक्स’ आणि 1976 मध्ये ‘व्हीएचएस’ कॅसेट बाजारात आली आणि मुद्रित दृश्य घराघरांत पोहोचले. ‘व्हिडिओ’ म्हणजे मुद्रित चलचित्र हा अर्थ याच काळात सर्वसामान्यांमध्ये रुजला.

मराठीतील पर्याय

मराठीत या विषयाशी संबंधित शब्दांची परंपरा जुनी आहे. संस्कृतात ‘चित्रपट’ म्हणजे चित्र काढलेले वस्त्र. हलत्या चित्रांचे खेळ 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात प्रथम दाखवण्यात आले. पुढे या नव्या कलेला तोच जुना शब्द मिळाला. त्याला जोडून ‘मूकपट’ आणि ‘बोलपट’ हे शब्दही आले. यातील काही शब्द रूढ करण्याचे श्रेय भाषाशुद्धीचा आग्रह धरणारे विनायक दामोदर सावरकर यांना दिले जाते.

व्हिडिओसाठी वृत्तपत्रांनी आणि शासकीय व्यवहाराने ‘चित्रफीत’ व ‘ध्वनिचित्रफीत’ हे शब्द स्वीकारले. यातील ‘चित्र’ संस्कृत आहे, तर ‘फीत’ हा शब्द पोर्तुगीज ‘फिता’वरून मराठीत आला आहे. अस्सल मराठी वाटणारा हा पर्यायही अशा रीतीने दोन भाषांच्या मेळातून घडला आहे. ‘व्हिडिओ कॉन्फरन्स’साठी ‘दूरदृश्य संवाद प्रणाली’ ही संज्ञा वापरली जाते. व्याकरणदृष्ट्या ‘व्हिडिओ’ पुल्लिंगी, तर ‘चित्रफीत’ स्त्रीलिंगी आहे. आता मुद्रण अंकीय स्वरूपात होते आणि फीत जवळजवळ नाहीशी झाली आहे. शब्द मात्र टिकून आहे.

न्यायालयातील अर्थ

पडद्यावर पाहणे म्हणजे प्रत्यक्ष पाहणे काय, हा प्रश्न मुंबईतील एका फौजदारी खटल्यात उपस्थित झाला. अमेरिकेतील एका डॉक्टरांची साक्ष दूरदृश्य प्रणालीद्वारे घेण्यास मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2003 रोजी तो निर्णय फिरवला. आरोपीच्या उपस्थितीत पुरावा नोंदवण्याच्या अटीत पडद्यावरील उपस्थितीही येते, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

दुसरा प्रश्न मुद्रित दृश्याच्या विश्वासार्हतेचा होता. 2014च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप घेण्यात आला. त्यासाठी निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा आधार घेण्यात आला होता. हे प्रकरण अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले. मूळ उपकरण सादर न करता त्यातील चित्रीकरणाची प्रत पुरावा म्हणून द्यायची असेल, तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे, असा निर्वाळा न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी दिला.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे बंधनकारक आहे. प्रमाणपत्राची तरतूद आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. नव्या फौजदारी कायद्यांच्या पूर्ण अंमलबजावणीची घोषणा 3 डिसेंबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या उपस्थितीत चंदीगड येथे करण्यात आली.

‘मी पाहतो’ या मूळ अर्थात पाहणारा माणूस गृहीत धरलेला आहे. मुद्रणात मात्र आधी यंत्र पाहते आणि माणूस नंतर. यंत्राने पाहिलेले आणि पडद्यावर दिसणारे दृश्य एकच आहे, याची खात्री पटावी यासाठीच कायद्याने प्रमाणपत्राची अट घातली आहे.